हशाची जागा

गणपतराव नुसते पेठेतनं चालत निघाले तरी माणसं हसायची. चाळीस वर्षं त्यांनी तमाशाच्या वगात बावळट नवऱ्याची कामं केली. कुरुंदवाडपासून गारगोटीपर्यंत एक जत्रा सोडली नाही. हसली नाही ती एकटी त्यांची बायको, झुंबरबाई. बाजारात बायका तिला सोंगाड्याची बायको म्हणायच्या, ते तिला झोंबायचं. लग्नाच्या पहिल्याच साली तिनं बजावलं होतं, चपला आणि थट्टा दोन्ही उंबऱ्याबाहेर काढून आत यायचं. गडी जन्मभर गुमान तसाच वागला.

आता त्यांना घरातलं कुणीच ओळखू येईना. तीन दिवस तोंडात घास घेतला नव्हता. उद्या खाल्लं नाही तर नाकातनं नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेलेला. झुंबरबाईनं दुधात भाकरी कुस्करली, दटावलं, पाया पडायची तेवढी राहिली. ते आपले भिंतीकडं बघत बसले.

मग सून वर्षाराणीनं मोबाईलवर जुना वग लावला. त्यात त्यांची बायको झालेली शेवंताबाई ताट आपटून करवादली, तसं म्हाताऱ्यानं झटक्यात मान वळवली. शेवंताबाईला जाऊन सहा वर्षं झालेली.

झुंबरबाईनं सुनेला तेवढंच परत लावायला सांगितलं. परत, आणि परत. जन्मात कधी वगाला गेली नव्हती, आता त्या बाईचं बोलणं पाठ करत बसली. सकाळी खोलीचं दार लावून तिनं नवऱ्यापुढं ताट आपटलं.

"गिळा की आता. का हत्तीण आणू भरवायला?"

"आणायची कशाला? समोर बसलीया की," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी आ केला.

दर घासाला तेच म्हणावं लागलं. चार घास गेले. पाचव्याला झुंबरबाईला राहवलं नाही. मी कोण, ओळखलंसा का, असं तिनं वगातलं बोलणं सोडून आपल्या तोंडानं विचारलं.

"शेवंता, तुझं बरं हाय," ते हळूच म्हणाले. "घरची माझी कधी हसलीच न्हाय."

म्हणून झुंबरबाई हसली. सवय नव्हती, गळ्यातनं कसला तरी घोगरा आवाज निघाला. गणपतरावांचा चेहराच उतरला.

"हितं न्हाय हसायचं. तू हसलीस की पब्लिक गप बसतंय."

त्यांनी तोंड मिटलं. झुंबरबाईनं ताट आपटलं, हत्तिणीचं वाक्य म्हटलं, आणखी दोनदा म्हटलं. ते भिंतीकडं बघत राहिले.

तिनं दार उघडलं आणि डॉक्टरला फोन लाव म्हणून सुनेला सांगितलं.