तीन दिवसांचा नियम

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षात चार माणसं झाला होता. सरकारी तक्त्यात तसं लिहिलंय. अडतीस, एकशे सतरा, दोनशे पाच आणि तीनशे चाळीस हे त्याचे नंबर. त्यातल्या पहिल्या तिघांपुढे 'उपचार सोडला' असा शेरा आहे, आणि तो टाइप करणारी मी.

आमचा विभाग राज्यभरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांचे आकडे गोळा करतो. कोण आलं, कोण टिकलं, कोण पळालं. रुग्ण सलग तीन दिवस तलफ शमवणारी रोजची गोळी घ्यायला आला नाही की फाइल बंद. चौथ्या दिवशी आला तर नवा नंबर, म्हणजे नवा माणूस. हा नियम आठ वर्षांपूर्वी मीच लिहिला, तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून. साहेबांनी पाठ थोपटली होती आणि मी आठवडाभर ती पाठ ताठ ठेवून फिरत होते.

धाकटा दर वेळी नवं कार्ड घेऊन घरी यायचा आणि विचारायचा, "ताई, आता मी कितवा?" मी त्याला फटकारायचे. मला वाटायचं, पुन्हा पुन्हा पडून पुन्हा पुन्हा उठणारा दिवटा फक्त आमच्याच घरात आहे. बाकीचे आकडे म्हणजे खरी, वेगवेगळी माणसं. ऑफिसात तर मी सांगून ठेवलं होतं की भाऊ परगावी नोकरीला असतो.

सोमवारी बैठकीचा कागद आला. गुरुवारी अकरा वाजता, विषय एकच: पुलापलीकडचं केंद्र बंद करणे. कारण, तिथले शंभरातले एकसष्ट रुग्ण उपचार सोडतात, राज्यात सर्वांत वाईट. सोबत माझा तक्ता, खाली माझी सही. धाकटा त्याच केंद्रात जातो. बाजाराजवळचं केंद्र यादीत पहिलं होतं, पण एकदा चुकलेल्याला ते पुन्हा दारात उभं करत नाहीत. धाकट्याला त्यांनी दोन वर्षांपूर्वीच हाकललं होतं. म्हणजे हे दार बंद झालं की त्याला दुसरं दार नाही.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुलापलीकडे गेले. एक खोली, जाळीची खिडकी, भिंतीला लागून लांब बाक. गोळी जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. नऊ-दहा माणसं तशी बसली होती. जन्मात कधी गप्प न बसलेला माझा भाऊ रोज इथे गप्प बसतो याचं मला फार कौतुक वाटायचं. त्या दिवशी तो बाकावर नव्हता.

"आज आला नाही," खिडकीतल्या सिस्टर म्हणाल्या. त्या मला धाकट्याची ताई म्हणूनच ओळखत होत्या, तक्तेवाली म्हणून नाही. मी तेही सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट बघितलं.

"अस्सं! ते फॉर्म तुमचे होय? आठ वर्षं मी शिव्या कुणाला घालतेय ते आज कळलं."

"घाला. पण मला एक सांगा, हे एकसष्ट खरंच सोडून जातात?"

त्यांनी खणातून एक जाडजूड वही काढली. प्रत्येक नव्या नंबरापुढे पेन्सिलीने त्याच माणसाचा जुना नंबर. "मला गोळी द्यायची तर आधी किती दिली होती, काय त्रास झाला होता, ते नको कळायला? तुमच्या कागदावर प्रत्येक जण आजच जन्मलेला असतो, मॅडम."

"हे आम्हाला कळवलं का नाही?"

"कुठे लिहू? जागा ठेवलीत का तुम्ही?"

नव्हती ठेवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. व्यसनाचं प्रमाण का वाढतंय यावर मी दरवर्षी पंधरा पानं लिहायचे आणि उत्तर या खणात पेन्सिलीने लिहून ठेवलेलं होतं.

बुधवारी दिवसभर सिस्टर वही वाचत होत्या आणि मी जुळवत होते. धाकट्याचा फोन बंद होता. बाकावरही तो नव्हता. तरी मी कागदातून मान वर केली नाही. त्याला शोधत गल्ल्या पालथ्या घालणं मी याआधी केलंय, त्याने तो सापडत नाही. तो परत येईल तेव्हा ही खिडकी उघडी असणं, एवढंच माझ्या हातात होतं.

गुरुवारी सकाळी हेडक्लार्कने माझे कागद चाळले. "बाई, नियम तुमचा, सही तुमची. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

"अवलक्षण झालंच आहे. आता हात तरी दाखवते," मी म्हटलं.

बैठकीत मी उभी राहिले. "या केंद्रात वर्षात चारशे बारा नंबर दिले गेले. सिस्टरांच्या वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदी जुळवल्या, तर माणसं एकशे नव्वद. सोडून गेले असे आपण दोनशे एक्कावन्न मोजले. त्यातल्या दोनशे बावीस वेळा माणूस परत आलाय. खरोखर गेलेले एकोणतीस. शंभरात पंधरा. आपण परत येणाऱ्याला पळपुटा म्हणून मोजतोय, साहेब. आणि जे परत घेतच नाहीत, त्यांना पहिला नंबर देतोय."

संचालकांनी कागद खाली ठेवला. "हा नियम कुणी केला?"

"मी."

"आणि ही पेन्सिलीची जुळणी खरी कशावरून?"

ऑफिसासाठी परगावी ठेवलेल्या भावाला मी परत आणलं. "अडतीस, एकशे सतरा, दोनशे पाच, तीनशे चाळीस. हा माझा सख्खा भाऊ आहे. आज तिसरा दिवस, तो गोळीला गेलेला नाही. संध्याकाळी नियमाप्रमाणे मला त्याला चौथ्यांदा पळालेला लिहायचंय. मी लिहिणार नाही."

संचालकांनी माझा कागद पुन्हा उचलून वाचला. मग म्हणाले, "केंद्र चालू राहील. परत आलेल्याला त्याचाच जुना नंबर द्यायचा, आजपासून. आणि राज्यातल्या सगळ्या केंद्रांची अशी जुळणी तुम्ही करून आणायची."

"किती दिवसांत?"

"तुम्हीच सांगा. नियम करायची सवय तुम्हाला आहे."

शुक्रवारी सकाळी सिस्टरचा फोन आला आणि मी रिक्षा करून पोहोचले. बाकाच्या टोकाला धाकटा बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं, तोंड मिटलेलं. हातात तीनशे चाळीस नंबरचंच कार्ड. मला रडू आलं आणि रागही आला. मी शेजारी बसले.

गोळी विरघळायला अजून सात मिनिटं होती, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, उजवा पंजा वर करून पाची बोटं दाखवली आणि भुवया उंचावल्या.

मी त्याचा हात हातात घेतला, चार बोटं मिटवली आणि एक तसंच ठेवलं.