बटणाचं दर्शन

हर्षदला यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे त्याच्या भक्तीबद्दल गैरसमज नको. नाहूर स्टेशनाजवळच्या गल्लीत त्याचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. लोक फोनवरूनच कागद पाठवायला लागले तशी मशीनवर धूळ साचली होती. पण त्याला खुपत होतं ते वेगळंच. अठरा वर्षं दुकान चालवूनही गल्लीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. ‘ए झेरॉक्स, दोन्ही बाजूंनी काढ रे,’ एवढीच त्याची ओळख. जूनमधल्या त्या बुधवारी सकाळी तो ‘हर्षदमहाराज’ झाला, आणि शनिवारपर्यंत लोक त्याच्या पाया पडत होते. शिवाय दर माणशी तीन रंगीत प्रिंट सक्तीच्या होत्या; पण ती वरकमाई.

चमत्कार असा होता. मुलुंडच्या एका कॉलेजने दुसऱ्या वर्षाची तुकडी ऑनलाइन निवडायला सांगितली होती. सकाळची की दुपारची, विषय कोणते, सगळं वेबसाइटवर भरायचं. बुधवार ते शनिवार संध्याकाळी पाच. पहिला येईल त्याला जागा. मुलं सगळे रकाने भरत, आणि शेवटी ‘नोंदणी पक्की करा’ असं बटण जिथे असायला हवं तिथे काहीच नसे. पान तिथेच तुटल्यासारखं संपे, खाली सरकतही नसे. दहा मिनिटं वाट पाहिली की वेबसाइट बाहेर काढे आणि भरलेलं सगळं पुसून टाकी. हेल्पलाइनवर एक बाई फार गोड आवाजात सांगे, ‘‘आमच्याकडे दिसतंय.’’

हर्षदच्या दुकानात मात्र बटण प्रकट होई.

भांडुप, कांजूर, विक्रोळी, पार घाटकोपरहून रिक्षा करून पोरं आणि त्यांचे आईबाप येऊ लागले. मॉनिटरला कुंकवाचा टिळा, कीबोर्डावर लाल वस्त्र, शेजारी नारळांचा ढीग.

‘‘बटण कुठे जात नसतं, रुसतं,’’ हर्षद सांगे. ‘‘वरचा सर्व्हर ही शक्ती आहे. तुमच्या घरचं नेट तिला सोसत नाही. चला, डोळे मिटा सगळ्यांनी. तीन श्वास. मनात फक्त रोल नंबर.’’

दोन्ही हात लाल वस्त्राखाली घालून तो काहीतरी पुटपुटे. मग गरजे, ‘‘उघडा!’’

आणि पडद्याच्या तळाशी निळं बटण! वर्षभर कॉम्प्युटर सायन्स शिकलेली पोरंसुद्धा हात जोडत. बटण दाबून झालं, प्रिंट निघाली, की हर्षद म्हणे, ‘‘आता शक्तीला निरोप. पुन्हा डोळे मिटा.’’ डोळे उघडावेत तो बटण गायब, पुढचा भक्त तयार.

मृणालिनीबाईंच्या कानावर हे शनिवारपर्यंत आलंच नाही. बाई मुलुंडच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, दुसऱ्याचा काढायचा होता. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची यांच्यावर त्यांनी इतकी भाषणं दिली होती, की गणपतीच्या दिवसांत शेजारी त्यांना आरतीला बोलवायला जरा बिचकत.

बुधवारी सव्वादहाला त्यांची जुनी विद्यार्थिनी अक्षता धापा टाकत आली होती. वडील गेल्यापासून घर दोघींच्या पगारावर. आई वनमाला पोळीभाजी केंद्रात, अक्षता भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर, दुपारी एक ते रात्री नऊ. सकाळची तुकडी बाराला सुटे, दुपारची साडेबाराला भरे. सकाळची मिळाली तर शिक्षण, दुपारची मिळाली तर शिक्षण बंद, इतका सरळ मामला.

‘‘बाई, बटणच नाहीये!’’ तिने फोन पुढे केला.

बाई डोळ्यात औषध घालून पाठीवर आडव्या होत्या. ‘‘सूचनांची पीडीएफ वाचलीस?’’

‘‘बत्तीस पानं आहेत, बाई.’’

‘‘मग बत्तीस वाच. ऑफिस उगाच लिहीत नाही काही. चूक बहुतेक आपलीच असते, अक्षता.’’

‘‘तुमच्या कॉम्प्युटरवर एकदा बघू का? पटकन?’’

‘‘आधी वाच, मग ये. तयार उत्तर मागायची सवय बरी नाही.’’

अक्षता ‘हो बाई’ म्हणाली आणि गेली. परत आली नाही. बाईंना वाटलं, झालं असेल काम.

शनिवारी दुपारी तीनला बाई डोळे दाखवून परतत होत्या, तेव्हा नाहूरच्या गल्लीच्या तोंडाशी वनमाला भेटली. हातात नारळ. मागे अक्षता, लॅबमधून दोन तासांची सवड मागून आलेली, केस ओले.

‘‘कुठे निघालात गं दोघी?’’

‘‘महाराजांकडे, बाई. आज नंबर दिलेलो हा तेनी,’’ वनमाला म्हणाली. गडबडीत असली की तिचं मालवणी बाहेर येई. ‘‘बटणाच्या दर्शनाक.’’

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग अक्षताने सगळं सांगितलं. बत्तीस पानं वाचली. बटण कसं दाबायचं ते एकोणिसाव्या पानावर होतं. दिसलं नाही तर काय करायचं ते कुठेच नव्हतं. दोन सायबर कॅफे झाले, लॅबचा कॉम्प्युटर झाला, मैत्रिणीचा टॅब झाला. गुरुवारी कॉलेजच्या दारात गेली तर वॉचमन म्हणाला, ‘‘सब ऑनलाइन है.’’

‘‘आणि या माणसाकडे बुधवारीच का नाही झालं?’’

अक्षता खाली बघू लागली. वनमालाच म्हणाली, ‘‘बुधवारीच गेलो होतो बाई आम्ही. पण पोरीला अडचण आली होती ना सकाळीच. महाराजांकडे चालत नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन या म्हणाले.’’

‘‘त्याला कळलं कसं?’’

‘‘दारात विचारतात,’’ अक्षता म्हणाली. ‘‘मी खरं सांगितलं.’’

बाई दोघींच्या पुढे चालू लागल्या.

दुकानात वीसेक माणसं होती. खुर्चीवर सुयोग नावाचा मुलगा, रकाने भरून बसलेला. हर्षद गरजला, ‘‘मिटा डोळे!’’ सगळ्यांनी मिटले. बाईंनी मिटले नाहीत. लाल कापडाखाली हर्षदची बोटं हलली, जरा थांबली, पुन्हा हलली.

‘‘उघडा!’’

गर्दी बटणाकडे बघत राहिली. बाईंनी सवयीने मजकूर वाचायला घेतला, आणि त्यांना तो वाचता येईना. मघाशी दारातून त्यांनी ‘विद्यार्थ्याचे नाव’ हे शब्द स्पष्ट वाचले होते. आता पुढे जाऊन, चष्मा वर करूनही मुंग्यांची रांगच दिसत होती. अक्षरं बारीक झाली होती.

घरी त्यांच्या भाचीने त्यांना शिकवलं होतं. ‘मावशी, कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं. वजा दाबलं की लहान.’ मोठं करून वाचताना पानाच्या कडा पडद्याबाहेर जात, हेही त्या रोज बघत होत्या.

‘‘बाजूला हो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आजी, रांग आहे. आणि चपला बाहेर...’’

‘‘आजी नाही, बाई म्हणतात मला.’’ त्यांनी लाल कापड ओढून टाकलं. हर्षदची डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर होती, उजव्या हाताचं बोट वजाच्या चिन्हावर. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखी ती तशीच राहिली.

‘‘सगळे डोळे उघडे ठेवा,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी अधिक दाबलं, बटण बुडालं. वजा दाबलं, वर आलं. दहा वेळा बुडवलं, दहा वेळा काढलं. ‘‘हे पान कुणीतरी मोठ्या पडद्यावर बसून बनवलंय. लहान पडद्यावर खालचा भाग कापला जातो. पान लहान केलं की मावतं. ज्यांच्या घरी मोठे पडदे आहेत त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं असणार. त्यांनी काय नारळ फोडले होते?’’

‘‘च्यायला, झूम?’’ सुयोग म्हणाला. ‘‘नुसता झूम? वाट लावली यार आमची!’’

गर्दी हर्षदच्या अंगावर जाऊ लागली. तो भिंतीला टेकून म्हणाला, ‘‘मी खोटं काय दाखवलं? बटण होतंच ना तिथे? बुधवारी कागदांचा गठ्ठा पडला कीबोर्डावर, तेव्हा मलाही असंच दिसलं.’’

‘‘तेव्हाच सांगायचं होतंस सगळ्यांना. आणि ते अडचणीचं कुठून काढलंस?’’

हर्षदला खरंच आठवावं लागलं. ‘‘मी नाही काढलं. रांगेत एका काकूंनी विचारलं, चालतं का? मी... मान हलवली नुसती. नाही म्हटलं की जरा वजन पडतं ना.’’

वनमालाच्या हातातला नारळ तसाच होता.

‘‘बस, अक्षता,’’ बाई म्हणाल्या.

अक्षता बसली. रकाने भरले. सकाळची तुकडी. कंट्रोल, वजा, वजा. निळं बटण तिच्यासमोर आलं, आणि तिने ते स्वतःच्या हाताने दाबलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

पडद्यावर लाल अक्षरात ओळ आली: ‘सकाळच्या तुकडीतील सर्व जागा गुरुवार दुपारी २.१० वाजता भरल्या आहेत. कृपया दुपारची तुकडी निवडा.’

किती जागा उरल्या हे त्या वेबसाइटवर आधी कळतच नसे. बटण दाबल्यावरच कळे.

बाई तिला रिक्षात घालून कॉलेजात घेऊन गेल्या. साडेचार वाजले होते. ऑफिसातल्या देवव्रत नावाच्या क्लार्कने आपला खिडकीएवढा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. ‘‘हे काय मॅडम, बटण आहे की. आमच्याकडे तर दिसतंय.’’ एक जागा वाढवता येईल का, यावर तो मनापासून हळहळला. ‘‘सिस्टीम घेत नाही हो.’’

बाहेर पायऱ्यांवर अक्षता म्हणाली, ‘‘बाई, तुमच्या कॉम्प्युटरवर बघितलं असतं तर दिसलं असतं का?’’

आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. ‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अक्षर लहानमोठं करताना दिसलंच असतं. तेव्हाच.’’

अक्षताने मान डोलावली. रागावलीही नाही. लॅबमध्ये उशीर होतोय म्हणाली आणि बसच्या दिशेने गेली.

त्या संध्याकाळी हर्षदच्या शटरवर बाईंनी मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: ‘कंट्रोल धरा, वजा दाबा. पान लहान होईल, बटण दिसेल. देव लागत नाही. जे कळत नाही त्याचं कारण विचारा. बाबालाही विचारा, ऑफिसलाही विचारा, बाईंनाही विचारा. “आमच्याकडे दिसतंय” हे उत्तर नव्हे. आणि कुणी विचारायला आलं तर उठून बघा.’ शेवटचं वाक्य त्यांनी कुणासाठी लिहिलं ते गल्लीत कुणाला कळलं नाही.

आता कुणाचं काय गेलं ते मांडू. कॉलेजचं काही गेलं नाही. सोमवारी फलकावर ‘नोंदणी यशस्वीरीत्या पूर्ण’ अशी नोटीस लागली. हर्षदचं लाल कापड गेलं, आणि तो पुन्हा ‘ए झेरॉक्स’ झाला. ज्या काकूंनी प्रश्न विचारला त्यांना आपण काही विचारलं होतं हेही आठवत नाही. मृणालिनीबाईंची झोप गेली. बाकी सगळी भरपाई अक्षताने केली. तिचं कॉलेज गेलं. त्या चार दिवसांत तिला एकच प्रश्न असा विचारला गेला, की ज्यावर ती खोटं बोलली असती तर वाचली असती. ती खरं बोलली, कारण पाचवीत बाईंनी तिला तसं शिकवलं होतं.