सावंतवाडी, अर्जंट

तेवीसची झडप खट्कन पडली आणि प्रेमलतानं लगेच पिन उचलली. मालवणच्या टेलिफोन केंद्रातल्या या बोर्डावर गावातल्या प्रत्येक फोनची एकेक पितळी झडप होती. कुणी हँडल फिरवलं की त्याची झडप पडायची. तेवीस म्हणजे भिकाजीचं दुकान, तिच्या घराला लागूनच. सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या लेकीचं, सुगंधाचं, अंग तापलेलं होतं. घसा दुखतो म्हणून पोरीनं दूधही घेतलं नव्हतं.

पिन तेवीसमध्ये खोचून ती म्हणाली, "नंबर?"

"माका नंबर कसो ठावक असतलो?" सासूबाईंचा, आनंदीबाईंचा आवाज. "डागदराक जोड गो बाय, बेगीन. चेडवाचो सांस अडाकता. तुका ठावक नसात तर माझ्या सुनेक इचार, थंयच बसता ती."

"आई, मीच."

मग, "तू गो? मगे अशी परक्यावारी कित्याक बोलतंस?"

नियमच तसा होता. गावाला नावानं फोन मागायची सवय. डागदर जोड, मामलेदार जोड, बर्फवालो खंय गेलो तां बघ. वरच्या साहेबांनी बजावलं होतं, नंबर विचारायचा, शुद्ध बोलायचं, ओळख दाखवायची नाही. कोल्हापुरात बी.ए. केलेल्या प्रेमलताला ते छान जमायचं, म्हणून तर ही जागा मिळाली. नवरा रेडीच्या बंदरावर हंगामी कामाला. घर या बोर्डावरच चालायचं. शुद्ध बोलण्याचा तिला थोडा तोराही होता. आज स्वतःच्या सासूला तिचा आवाज ओळखता आला नाही.

तिनं बारा नंबर वाजवला. डॉक्टर वालावलकर जेवायला बसत होते, तसेच उठले.

मग मधला वेळ. मामलेदार कचेरी, वखार, पुन्हा वखार. ती जोडत राहिली, पण डोळे तेवीसवरून हलेनात. सकाळीच रजा मागितली असती तर? मागूनही मिळाली नसती. खोलीत ती एकटी. खाली पोस्टमास्तर होते, पण त्यांना बोर्डाची एक चावी ठाऊक नव्हती. बदली माणूस लवू, तो संध्याकाळी यायचा.

तेवीस पुन्हा पडली. या वेळी डॉक्टर होते.

"प्रेमलताबाई, घाबरू नका. घटसर्प वाटतोय. बाबलीची गाडी बोलावलीय, सावंतवाडीला नेऊ दे. पण पोचताक्षणी इंजेक्शन हवं, आणि गरज पडली तर गळ्याला छेद द्यायची तयारी. तिथल्या सर्जनशी आत्ताच बोलायला हवं. अर्जंट लावा. बोलून झालं की मी मागून फटफटीवर निघतो."

मालवणातून बाहेर जायला एकच ट्रंक लाइन, तीही कुडाळपर्यंत. पुढचं कुडाळच्या हाती. तिनं कुडाळ घेतलं. तिथल्या बोर्डावर गुरुदास होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"सावंतवाडी, अर्जंट."

"गुंतलीय. थांबा, पण लाइन सोडू नका. पलीकडून रेडीवाले, वेंगुर्लेवाले टपून बसलेत. एकदा सोडलीत तर नंबर मागे जाईल."

तेवढ्यात खिडकीखाली भोंगा वाजला.

"वैनी! येतास मां?" बाबली ओरडला. "गाडी चालूच आसा!"

ती उठली. कानावरच्या हेडफोनची वायर ताणली गेली, तिथवरच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिला गाडीचं टप दिसलं, सासूबाईंचा हात दिसला आणि त्या हातात गुंडाळलेली आपलीच गोधडी. पोरीचं तोंड दिसेना.

"ये गो! चेडू आवशीक सोदता!" सासूबाई ओरडल्या. पोर आईला शोधत होती.

कानात गुरुदास म्हणाला, "मालवण, आहात ना? आता मिळेल."

"आहे," ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून, लहानपणी घरात शिकलेल्या बोलीत, "आई, तुमी फुडे जावा! माका येवक जमाचा नाय!"

"काय गो बाई तू!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "पोटची पोर गे ती!"

बाबलीनं वर एकदा पाहिलं आणि गियर टाकला. धुरळा खिडकीपर्यंत आला.

"सावंतवाडी, बोला," गुरुदासनं जोडून दिलं.

"डॉक्टर, बोला," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वच्छ, अगदी साहेबांना आवडेल असा ऐकू आला.

डॉक्टरांनी भराभर सांगितलं. मुलगी, दोन वर्षं पुरी नाहीत, घशात पांढरा पडदा, श्वासाला आवाज. पलीकडचा सर्जन मधेमधे हूं म्हणत होता. इंजेक्शन आहे म्हणाला. टेबल तयार ठेवतो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आई बरोबर आहे ना? अशा पोरांना धरायला आई लागते."

"आजी आहे," वालावलकर म्हणाले. "आई कामावर आहे."

जोडून दिल्यावर ऐकायचं नसतं. प्रेमलतानं ऐकायची चावी वर केली. आवाज बंद झाले. तेवीसची दोरी आणि ट्रंकची दोरी तिच्यासमोर एकमेकींना जोडलेल्या पडल्या होत्या आणि त्यांतून तिच्या पोरीविषयी कुणीतरी काहीतरी बोलत होतं. ट्रंकची पिन थोडी सैल होती. ती निसटू नये म्हणून तिनं तिच्यावर बोट दाबून धरलं.