दोन सूत

“ठसा हाणा की, सांडूमामा. साहेबांना पाचला निघायचंय.”

नानासाहेबांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि सांडूमामांनी तिसऱ्यांदा ठसा हातातच धरून ठेवला. टेबलावर हातभर लांबीचा नवाकोरा स्क्रू पडला होता. नौदलाकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी तो ड्रॉइंगशी ताडून पाहिला, मान डोलावली, सहीला पेनही काढलं. आता बनवणाऱ्यानं टोकाला आपलं अक्षर ठोकायचं तेवढं बाकी होतं. वाळूजच्या या वर्कशॉपात ज्याचा जॉब त्याचा ठसा, असा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज होता.

नानासाहेबांचा जीव टांगणीला लागला होता. बिडकीनची जमीन विकून त्यांनी हे वर्कशॉप उभं केलं, पण गाड्यांच्या सुट्या भागांचं काम वर्षभर आटत चाललेलं. अशात पाणी उपसून जहाजं दुरुस्त करायच्या नौदलाच्या एका जुन्या गोदीचं नूतनीकरण निघालं. पाणी अडवणाऱ्या झडपांचे साठ स्क्रू बदलायचे होते. हा नमुना पास झाला की काम पक्कं, नाहीतर बारा कामगारांपैकी निम्म्यांना घरी पाठवायचं.

आणि हा बाबा हातोडी उचलायला तयार नाही!

बरं, मामा काही आजच बोलत नव्हते. गोदीतून नमुन्याला जुना मोडका स्क्रू आला, त्यावर त्यांनी पट्टी लावली होती. इंचात बरोबर चार आटे. म्हणजे एक आटा दोन सुतांचा, कारण इंचाची आठ सुतं. तिथल्या मापाऱ्यानं ‘दोन सूत’ सांगितलं असणार आणि हे काम मिळवून देणाऱ्या मधल्या कंपनीतल्या कुण्या शहाण्यानं वरचा अंश सोडून सूत म्हणजे सरळ तीन मिलिमीटर धरून ड्रॉइंगवर सहा लिहून टाकलं. नानासाहेब म्हणाले, जुना झिजलाय, कागदावर आहे तेच करा. मामांनी केलं. तेव्हाच लेथ बंद करायला हवा होता, हे त्यांना आठ दिवस खात होतं.

“काय अडचण आहे?” साहेबांनी विचारलं.

“ह्यो तिथं बसायचा नाय, साहेब. चार फेऱ्या जाईल, मंग आवळून बसंल.”

साहेब थंडपणे म्हणाले की ड्रॉइंगला तो तंतोतंत आहे आणि ते ड्रॉइंगच तपासायला आलेत. ज्यात स्क्रू फिरायचा तो पितळी नट गोदीच्या भिंतीत गाडलेला, तो इथं आणून दाखवणार कोण?

नानासाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी मामांच्या हातातला ठसा हिसकला, स्क्रूच्या टोकावर धरला, हातोडी उचलली. सगळ्या मशिनी थांबल्या. मामा हलले नाहीत. फक्त म्हणाले, “हाणा, नाना. पण साहेबांना इचारा, झडप अडकली तर जहाजाखाली माणसं किती असत्यात.”

हातोडी वरच राहिली. नानासाहेबांनी साहेबांकडे पाहिलं.

“दुरुस्ती चालू असली की साठ-सत्तर,” साहेब म्हणाले. मग त्यांनीच पट्टी मागून घेतली, जुन्या स्क्रूवर लावली आणि आटे मोजले. पुन्हा मोजले. पेन खिशात घातलं.

नानासाहेबांनी हातोडी खाली ठेवली. ठसा मामांच्या हातात परत दिला.

महिन्याभरात काम दुसऱ्याच कुणाला गेलं. कागदावर बोट ठेवणारा ठेकेदार मधल्या कंपनीला नको होता. सहा जणांना घरी पाठवावं लागलं, आणि त्यांत सगळ्यात वयस्कर म्हणून मामांनी आपलं नाव स्वतःच पहिलं सांगितलं.

शेवटच्या दिवशी ते लेथ पुसत होते. साहेबांनी सुधारलेल्या ड्रॉइंगची प्रत आपणहून पाठवली होती, ती नानासाहेबांनी त्यांच्यापुढं धरली. मामांचा चष्मा डब्याच्या पिशवीत होता.

“किती लिवलंय?”

“सहा पॉइंट तीन पाच.”

“म्हंजी दोन सूत,” मामा म्हणाले, आणि उरलेला लेथ पुसायला लागले.