अखंड वापर

बुरांडी गावच्या परिषदेच्या नियोजन खात्याच्या खिडकीमागे मी एकवीस वर्षे बसते आहे. खाते म्हणजे मी आणि एक प्रिंटर. कोणाला शेड वाढवायची असते, कोणाला मेंढ्यांच्या गोठ्यात लग्नाचा हॉल काढायचा असतो. सगळ्यांना वाटते, ही लिनेट मुद्दाम अडवते. अडवते मी, पण मुद्दाम नाही. नियम करणारे राजधानीत बसतात आणि शिव्या माझ्या वाट्याला येतात, त्याही भर किराणा दुकानात.

नेरिडाबाई स्टॅबल्स यांचा अर्ज आला तेव्हा मात्र मला अडवायचे नव्हते.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गावाबाहेर टेकाडामागे त्यांची नऊ हेक्टर जमीन आणि शेहेचाळीस वर्षे राहिलेले लाकडी घर. नोव्हेंबरात वीज पडून गवत पेटले आणि चाळीस मिनिटांत घराचे फक्त धुराडे उरले. तेव्हापासून त्या शेजारच्या कीथ रोवनच्या आवारात, लोकर कातरायला येणाऱ्या मजुरांच्या खोलीत राहत होत्या. त्यांना मोठे काही नको होते. जुन्याच जागेवर दोन खोल्या आणि एक व्हरांडा, बस्स.

पण आमच्या शेती झोनमध्ये शंभर हेक्टरांखालच्या जमिनीवर घर बांधता येत नाही. बाईंचे घर या नियमाच्या आधीचे, म्हणून चालत होते. असे घर जळाले तर पुन्हा बांधायचा हक्क राहतो, पण एका अटीवर. ते अखंड वापरात हवे. मध्ये कधीही सलग बारा महिन्यांहून जास्त काळ ते रिकामे पडले असेल, तर मालकाने हक्क सोडला असे धरतात. नंतर परत येऊन राहिले तरी गेलेला हक्क परत येत नाही.

आणि घर रिकामे होते. साऱ्या बुरांडीला ते ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी कॅरिन सिडनीत आजारी पडली. बाई एक पिशवी भरून निघाल्या, त्या ती गेल्यावर, तिचे सगळे उरकूनच परतल्या. तेरा महिने.

अर्जात त्याबद्दल 'वापरात खंड पडला का?' एवढा एकच प्रश्न असतो आणि पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. गावातला कोणीही डोळे मिटून 'नाही' वर खूण करील. पण आमच्याच फायलीत एक मेख होती. त्या तेरा महिन्यांत परिषदेची कराची पत्रे सिडनीच्या पत्त्यावर गेली होती. परिषदेच्या मुख्य साहेबांना ते दिसणारच होते.

मी काय केले ते सांगते, त्यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. मी कीथला फोन केला.

"पत्रं कुठेही मागवता येतात," मी म्हटले. "पण बाई घरीच होत्या असं शेजाऱ्यांनी शपथेवर लिहून दिलं, तर कोणी खोदत बसणार नाही."

कीथ म्हणाला, "लिन, त्या खात्यात बसल्यापासून पहिल्यांदा तू माणसासारखं बोललीस."

"गप बस आणि कामाला लाग."

तीन दिवसांत त्याने सात शपथपत्रे गोळा केली. जमिनीच्या फाटकावर आमची पिवळी नोटीस चौदा दिवस लागली होती. कोणाची हरकत असेल तर कळवा, असे तिच्यावर लिहिलेले असते. हरकत एकही आली नाही. उलट कोणीतरी नोटिशीवरच जाड पेनाने लिहून ठेवले होते, 'बाईला घर द्या, उगाच छळू नका.' परिषदेच्या कागदावर खरडणे हा गुन्हा आहे. मी तो कागद तसाच फायलीला लावला.

कीथचे शपथपत्र सगळ्यांत भारी होते. 'त्या काळात रोज संध्याकाळी मी नेरिडाच्या स्वयंपाकघरात दिवा पाहिला आहे.'

"हे तरी खरं आहे का?" मी विचारले.

"शंभर टक्के. मीच लावायचो ना! कोंबड्यांना दाणे टाकायला जायचो तेव्हा लावायचो आणि सकाळी जाऊन घालवायचो. चोराचिलटांना वाटावं, घरात माणूस आहे. विजेचं बिलसुद्धा आहे, दाखवू?"

मी हसले. खूप दिवसांनी त्या खिडकीत हसले असेन.

आता राहिले फक्त बाईंचे स्वतःचे शपथपत्र. मजकूर मीच तयार केला. शपथपत्रावर साक्षीची सही करायचा अधिकार गावात तिघांना आहे. औषधांच्या दुकानाचा मालक त्या आठवड्यात सुट्टीवर होता, शाळेच्या मुख्याध्यापिकेला खोट्याचा वास लांबून येतो, आणि तिसरी मी. म्हणून गुरुवारी सकाळी कीथ बाईंना माझ्याकडेच घेऊन आला. बाईंनी निळा कोट घातला होता. तो कीथच्या बायकोचा होता, बाह्या लांब होत होत्या. त्यांचे स्वतःचे कपडे आगीत गेले होते.

"बसा, नेरिडाबाई. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझी आई कशी आहे गं?"

"बरी आहे. डॉक्टरांना वैताग देते."

"छान. म्हणजे खरंच बरी आहे."

नियमाप्रमाणे मजकूर मला मोठ्याने वाचावा लागतो. मी भराभर वाचू लागले, असल्या गोष्टी भराभरच वाचायच्या असतात. "मी, नेरिडा जोन स्टॅबल्स, शपथेवर सांगते की तीन फेब्रुवारीपासून पुढच्या वर्षीच्या नऊ मार्चपर्यंत मी वरील घरात अखंड राहत होते. या काळात इतरत्र माझा मुक्काम नव्हता. हे खरं आहे असं तुम्ही सांगता ना?"

बाईंनी पेन हातात घेतले नाही.

"हो म्हण," कीथ म्हणाला.

"परत वाच, लिनेट. हळू."

मी हळू वाचले. 'इतरत्र माझा मुक्काम नव्हता' हे शब्द हळू वाचताना मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. ते मीच लिहिले होते.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "मी कॅरिनजवळ नव्हते."

"अगं, कागद आहे तो!" कीथ म्हणाला. "फायलीत जाईल, धूळ खाईल. कोण वाचतंय?"

"शपथ आहे ना, कीथ?"

"आहे. पण तुला डोक्यावर छप्पर हवंय. सात जणांनी सह्या केल्यात. मी केलीय! आयुष्यात कधी चर्चमध्ये नीट बसलो नाही, पण तुझ्यासाठी शपथ घेतली."

"ठाऊक आहे मला. आणि मी ते विसरणार नाही." त्यांनी लांब बाही मागे सारून टेबलावर हात ठेवला. "शेवटचे दोन महिने तिला दिसत नव्हतं. दर थोड्या वेळानं विचारायची, आई, आहेस ना इथे? मी म्हणायचे, आहे गं, इथेच आहे. रात्री, दिवसा, कितीदा विचारायची त्याला मोजदाद नाही. नर्सबाई म्हणायच्या, जरा बाहेर फिरून या. मी जायचे नाही. न जाणो, तेवढ्यात विचारलं तर?"

कीथ खिडकीबाहेर पाहू लागला.

"आता तिच्या माघारी शपथ घेऊ, की मी इथे होते? बुरांडीत?" त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला जास्त लागले. "तू चांगल्या मनानं केलंस, पोरी. पण हे खोड. खरं काय ते लिही."

"बाई, खरं लिहिलं तर घर मिळणार नाही. माझ्या हातात काही राहणार नाही."

"लिही."

मी लिहिले. त्यांनी सही केली, मी साक्ष केली. बाहेर पडताना कीथने दार इतके जोरात आपटले की भिंतीवरचा झोनचा नकाशा वाकडा झाला. त्याची शपथपत्रे त्याने नेली नाहीत. ती सातही मीच फाडली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचीच लाज वाटली.

मग मी माझ्या परीने लढले. अहवालात लिहिले की रिकामे असले तरी ते घर सोडलेले नव्हते. आत कोंबड्यांचे दाणे होते, खाटेवर चादर होती, शेजारी रोज दिवा लावत होता, आणि बाई परत येणारच होत्या. चार पाने लिहिली. एवढे मी कधी कोणासाठी लिहिले नव्हते. परिषदेच्या वकिलाने अर्ध्या पानात उत्तर दिले. एकीला सूट दिली तर उद्या शहरातले बिल्डर हाच दाखला घेऊन दारात उभे राहतील, असे त्याचे म्हणणे. खोटे नव्हते ते. मीही दुसऱ्या कोणाबद्दल हेच म्हटले असते. सभेत पाच विरुद्ध चार मतांनी अर्ज नामंजूर झाला.

नामंजुरीचे पत्र आम्ही टपालाने पाठवतो. हे मी स्वतः घेऊन गेले. बाई मजुरांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. मी पत्र हातात दिले आणि उभीच राहिले. म्हटले, "मला माफ करा."

"बस गं. चहा ठेवते." पण उठल्या नाहीत. चष्मा लावून पत्र वाचू लागल्या. आमची पत्रे कशी असतात ते मला माहीत आहे, ती मीच लिहिते. एका ओळीपाशी त्यांचे बोट थांबले. अर्जदार मुलीच्या आजारपणात तिच्यापाशी राहिल्याने घर तेरा महिने सहा दिवस वापरात नव्हते, एवढीच ती ओळ.

"हा हिशेब बरोबर आहे का, लिनेट?"

"हो. मी दोनदा तपासलाय. तेरा महिने, सहा दिवस."

बाईंनी चष्मा काढला आणि पत्राची घडी घातली. "एवढेच?" त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, जास्त मिळाले होते."