यॉटची मिशी

आमच्या ब्रह्मपुरीच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. राजदीपभाऊंनी यॉटची ऑर्डर दिली तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "मागचा फाळका किती उंच?"

यॉट झाली. वरून पांढरीशुभ्र, काचा, सोफे, झेंडा. खालून ट्रॉली. बोटीचं नाक निमुळतं लागतं, तरच ते पाणी कापतं, हे मी मोबाइलवर बघून अब्बांना सांगितलं होतं. अब्बा म्हणाले, "नोक में पत्रा जादा जाता है." म्हणून नाक सपाट ठेवलं. सपाट नाक पाणी कापत नाही, ढकलतं. दोन्ही बाजूंना लाट उठते, झुबकेदार मिशीसारखी.

राजदीपभाऊंना ती मिशी फार आवडली. त्यांच्या तलावाकाठच्या रिसॉर्टवर लोक वाघ बघायला येतात. वाघ दिसत नाही, निदान लाट तरी दिसावी. त्यांनी पुढच्या सोफ्याखाली रेतीची पोती भरली. नाक आणखी बुडालं आणि मिशी कमरेएवढी झाली.

त्याच तलावात वारलूभाऊ डोंग्यात बसून शिंगाडे तोडायचे. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी. तिला लाट माहीत नव्हती, कारण तलावात लाट येणार कुठून? लाट ब्रह्मपुरीहून आली, यॉटबरोबर. डोंगा उलटला. वारलूभाऊ पट्टीचे पोहणारे, पण पाय शिंगाड्याच्या वेलांत गुंतले. संध्याकाळी त्यांना वेलांसकट बाहेर काढलं.

"म्हातारा होता, तोल गेला," राजदीपभाऊ पोलिसांना म्हणाले. त्या दिवशी यॉट तेच चालवत होते. "आमच्या यॉटची कुठी येते लाट?"

वारलूभाऊंच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, ठाण्यात बैठक मारली. "लाटेनं मारलं. तसंच लिवा."

शेवटी ठाणेदार म्हणाले, लाट करून दाखवा.

डोंगा वेलांत उभा केला. वारलूभाऊंच्या जागी धानाचं पोतं ठेवलं. यॉट बंद पडली तर ओरडायला कोणी हवं, म्हणून मागच्या स्टेअरिंगवर मला बसवलं. रेतीची पोती गायब होती. आणि राजदीपभाऊ सगळ्यांना मागे बोलावत होते, "या साहेब, इथी सावली आहे."

वजन मागे, नाक वर. म्हैस पाण्यात बसल्यावर उठते तेवढी लाट उठली. पोतं जरासं डुललं.

"पाहा, झोपाळा!" राजदीपभाऊ म्हणाले.

काठावरून सुगंधाबाई ओरडल्या, "अशी नवती ते! मोठी होती!"

मी म्हणालो, "साहेब, मागं धूर लागते. आन् मोठ्या माणसाची जागा समोर असते. मागं आम्ही डायवर लोक बसतो."

ठाणेदार ताबडतोब उठले. साहेब पुढे गेल्यावर जमादार मागे कसा बसेल? तोही गेला. मग सरपंच, मग पोलीस पाटील. यजमान म्हणून राजदीपभाऊंनाही जावं लागलं. रेतीच्या जागी मान भरला गेला आणि नाक बुडालं.

या वेळी पोतं डुललं नाही. डोंग्यासकट पालथं झालं.

ठाणेदारांनी भिजलेल्या बुटांकडे बघितलं आणि पेन काढला.

"एक मिनिट साहेब," राजदीपभाऊ म्हणाले. "पोत्याले पोहता येत नाई. वारलूले येत होतं. मंग तो काऊन बुडला?"

"मुद्दा आहे," ठाणेदार म्हणाले. पेन खिशात गेला.

सुगंधाबाईंनी पदर कमरेला खोचला. पाण्यात उतरल्या, डोंगा सुलटा केला, आत बसल्या. "मले पोहता येते. आना."

"बाई, बाहेर या!"

"नाई येत."

मी इंजिन बंद केलं. राजदीपभाऊ माझ्याकडे यायला लागले, "साहेब, मी चालवतो."

"अनसबाबू, तूच आन," सुगंधाबाई मला म्हणाल्या. "त्यायनं आनली तर हळू आनतील."

कोणीही नाही म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. मी आणली.

लाट गेली. डोंगा पालथा दिसला. मग पदर दिसला. मग फक्त हिरवी पानं. मी उडी मारली, मागून जमादारानं मारली. वेल बाईंच्या पोटऱ्यांना दाव्यासारखे आवळले होते. शिंगाड्याचे काटे हातात घुसत होते, वेल तुटत नव्हते. एक मी दातांनी तोडला. काठावर आणून पालथं धरलं तेव्हा नाकातोंडातून पाणी गेलं आणि बऱ्याच वेळानं श्वास आला.

डोळे उघडून त्यांनी ठाणेदारांना विचारलं, "लिवलं का?"

ठाणेदार लिहीतच होते. बाईंनी मला वाचायला लावलं.

"मोठ्या लाटेने डोंगा उलटून वेलांत अडकल्याने मृत्यू," मी वाचलं.

"कोनाची लाट?"

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"लाटेवर काय नाव असते का, बाई?" ठाणेदार म्हणाले.

सुगंधाबाई हातावर जोर देऊन उठल्या. ओला पदर पिळला, पुन्हा कमरेला खोचला आणि डोंग्याकडे निघाल्या. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ठाणेदारांनी राजदीपभाऊंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.