जोर काढा

विजयसिंहानं खांद्यापासून स्टिक हाणली आणि पांढरा बॉल रंगीत बॉलांच्या ढिगावर आपटून टेबलाबाहेर उडाला. भिंतीला धडकून थेट क्लब सांभाळणाऱ्या गुंडूअण्णांच्या खुर्चीखाली. अण्णांनी पाय आधीच वर घेतले होते. पंधरा दिवस ते असेच बसत होते.

तीन वर्षांपूर्वी गुडघा गेला, कुस्तीची तालीम सुटली, आणि तेव्हापासून या गड्याला चैन म्हणून नव्हती. दिवसभर पशुखाद्याचं दुकान, आणि जिवाची नुसती तगमग. क्लबच्या पूल टीममध्ये एक जागा रिकामी होती, तेवढ्यावर त्यानं जीव टांगला होता. रविवारी निवडीचा सामना होता. समोर कोडोलीचा राजवीर, थंड डोक्याचं पोरगं.

शिकवायला आदिती होती, वयानं लहान पण राज्य पातळीवर खेळलेली. तिचं एकच म्हणणं. ढीग फोडताना रंगीत बॉल कुठंही जाऊ देत, पांढरा टेबलाच्या मधोमध थांबला पाहिजे, म्हणजे पुढचा फटका आपल्या हातात. आणि रोज जाता जाता बजावायची, दादा, जोर काढा.

आज मात्र तिचं डोकं उठलं. पंधरा दिवस घसा कोरडा करतेय, तुम्ही ऐकता तरी का, असं तिनं विचारलं.

"काढतोय की," विजयसिंह चिडून म्हणाला. "रोज पहाटं दोनशे."

आदिती बघतच राहिली, मग पोट धरून हसली. तालमीत वाढलेल्या माणसाला जोर काढ म्हटलं की तो जमिनीवर हात टेकणार, हे आदितीसारख्या व्यापाऱ्याच्या पोरीच्या ध्यानात कुठून यावं! तिला म्हणायचं होतं, हातातली ताकद कमी करा. विजयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे जोरांनी खांदा आणखीच तट्ट झाला होता.

पुढचे चार दिवस तो हात सैल सोडायला धडपडला. सोडला की ढीग हलेना, आवळला की पांढराच पॉकेटात जाऊन पाळी बाद. जेवतानाही त्याचं कोपर हलत होतं.

रविवारी दोघांची बरोबरी झाली. शेवटचा डाव, ढीग फोडायचा विजयसिंहानं. तो तीनदा वाकला, तीनदा उठला. मग एकदाचा मारला, कोपरापासून, सरळ. ढीग फुटून बॉल चारी दिशांना गेले आणि पांढरा वीतभर मागं येऊन टेबलाच्या मधोमध उभा राहिला.

पण पॉकेटात एकही बॉल पडला नाही, म्हणून पाळी राजवीरकडे गेली. पांढरा आयताच मोक्याच्या जागी मिळाला होता. त्यानं एकेक करत टेबल साफ केलं आणि टीममधली जागा त्याची झाली.

विजयसिंहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझं ऐकून बसलो," तो आदितीला म्हणाला. "पयल्यासारखा हाणला असता तर दोन तरी पडलं असतं."

"व्हय दादा, पडलं असतं."

त्याला भांडायचं होतं, आणि ही पोरगी भांडेना. तो तरातरा दारापर्यंत गेला, चप्पल घातली, तसाच परत आला.

"उद्या किती वाजता येऊ?"

"आता कशाला? निवड झाली की."

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि टेबलाच्या मधोमध बोट टेकवलं. "पांढरा हितंच थांबलता न्हवं?"